फेकी

भाताचे खुंट पायाला टोचायचे थांबले नसायचे
तोवर आम्ही शेण-मुरूम मारून विकेट तयार करायचो.
अंजनवेलीला खाडी बांधापलीकडे वाजायची,
हॅलोजनभोवती किडे,
आणि भोंग्यातून समालोचक: आला, आला, शौकत होडेकर आला!

मी त्याचा कीपर. तेरा हंगाम.
टेनिसचा चेंडू, हातमोजे कसले, तळवे उघडे.
तो किती जोरात टाकतो
हे बॅटवाल्याला अर्धंच कळायचं.
मला सकाळी भाकरी मोडताना कळायचं.

पहिल्या रात्रीचे त्याला दीडशे रुपये आणि अंडापाव.
मग तीनशे. मग जयगडवाल्यांनी
न्यायला मोटारसायकल पाठवली,
तर हा म्हणे, मागे कीपर बसेल, नायतर मी येत नाय.
एकदा बक्षिसाला बोकड होता.
होडीत आमच्या दोघांमध्ये बसून आला,
अख्ख्या खाडीत एकदाही ओरडला नाही.

कोपर वाकतं, म्हणायचे लोक. फेकी आहे.
पालशेतच्या पंचाने एका षटकात
चार नो-बॉल दिले, हात आडवा ताठ.
शौकत गप्प.
पाचवा इतका हळू सोडला
की बॅट आधी फिरून गेली, चेंडू मागाहून आला.
मधली दांडी. पंचसुद्धा हसला.

खांदा काही एका रात्रीत गेला नाही.
छातीशी येणारा चेंडू पोटाशी यायला लागला,
मग गुडघ्याशी.
मी एक पाऊल पुढे सरकलो, कुणाला न सांगता.
पुढच्या हंगामात आणखी एक.
एकदा धाव घ्यायच्या आधी तो थांबला
आणि माझे पाय कुठे आहेत ते बघितलं.
परतताना बिडी पेटवून म्हणाला,
स्टंपांना चिकटायच्या आधी सांग हां.
मी सांगितलं नाही.
त्यानेच एका रात्री चेंडू पँटला पुसला
आणि वेळणेश्वरच्या एका पोराच्या हातात दिला.
पोर घाबरलेलं. पहिलाच वाईड.

आता तो धोपाव्याच्या लाँचवर असतो.
मी दाभोळच्या धक्क्यावर, मासळीचा टेम्पो लावून.
दोर झेलायला पगारी माणूस ठेवलेला आहे,
तरी हा, उजवा हात कमरेवर टेकवून,
डाव्याने माझ्याकडेच फेकतो.
ओला नायलॉन तळव्यात चरचरतो.
नो-बॉल, मी ओरडतो.