माप

पहाटे चारला, वॉर्डातला हीटरसुद्धा डुलकी घेतो तेव्हा
सॉफ्टवेअर जुने स्कॅन चाळत असतं.
पोट दुखतं म्हणून काढलेले,
खोकला हटत नाही म्हणून काढलेले.
कडेला, कोणीही न विचारलेला
एखादा मणका दिसतो त्याला
पुड्याच्या तळाशी चेपलेल्या बिस्किटासारखा.
त्याभोवती ते लाल चौकट काढतं.
पुढचा स्कॅन.

पावणेआठला मी येते.
ग्रिम्स्बीत डिसेंबरातले पावणेआठ म्हणजे रात्रच,
बंदराकडून मासळीचा नि डिझेलचा वास.
कोट काढायच्या आधी यादी उघडते.
आज एकोणीस नावं.

पूर्वी ही यादी मी हाताने करायचे.
प्लास्टरच्या खोलीतलं रजिस्टर, पिवळ्या चिठ्ठ्या,
कोणाचं मनगट, कोणाचा खांदा.
पन्नाशी ओलांडलेलं, नुसतं उभ्याउभ्या पडून मोडलेलं हाड
माझ्याकडे यायचं, असं ठरलेलं.
निम्मी माणसं निसटायची.
मनगट जोडून घरी जायची
आणि दोन वर्षांनी खुबा मोडून घेऊन यायची, ॲम्ब्युलन्समधून.
मला त्यांचं मनगट आठवायचं.
त्यांना मी आठवायचं कारणच नव्हतं.

म्हणून मी या यंत्राला नावं ठेवत नाही.
चुकतं ते. परवा एका म्हाताऱ्या खलाशाचा,
तरुणपणी शिडीवरून पडून दबलेला मणका
नवा म्हणून पुढे केला. तो फोनवर खो खो हसला,
"बाई, ते चौऱ्याहत्तर सालचं. झोपू द्या त्याला."

आजचं अकरावं नाव नोरीन स्टेनिफोर्थ, वय एक्याऐंशी.
स्कॅन तीन वर्षांपूर्वीचा, पित्ताचे खडे बघायला काढलेला.
दोन मणके खचलेले.
अहवालात खड्यांवर सात ओळी,
मणक्यांवर एकही नाही.
फोन नवऱ्याने उचलला.
"ती मार्चमध्ये गेली. खुबा मोडला, मग न्यूमोनिया."
हे यादीला कोणी कळवलं नव्हतं.
मी माफी मागितली. इंग्रजीत माफी
दर वाक्याला एक सांडते, तिला वजन नसतं,
म्हणून पुन्हा मागितली.
पलीकडे केटली उकळत आली आणि खटकन बंद झाली.
मग तो म्हणाला,
"ती म्हणायची, आल्फ, ही फळी वर वर चाललीय.
चहाच्या डब्याला हात पुरत नाही.
मी फळी काढून दोन बोटं खाली ठोकून द्यायचो.
मला वाटलं, लाड करून घेतेय."
किती वेळा ठोकलीत?
"तीनदा."
भोकं अजून आहेत भिंतीत, म्हणाला.
बुजवायला पुट्टी आणून ठेवलीय.

आमच्या फॉर्मवर हा प्रश्न नाही.
धूम्रपान आहे, दारू आहे,
आईचा किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का, आहे.
बाराव्या बाईंना मी सगळं रीतसर विचारलं,
आणि मग, घरातली फळी हल्ली उंच वाटते का?
बराच वेळ काही नाही.
"मी आता स्टूल घेते," त्या म्हणाल्या,
साखर चोरताना सापडल्यासारख्या.
त्यांना मंगळवारची वेळ दिली.
'इतर' या रकान्यात लिहिलं, स्टूल.
सॉफ्टवेअर तो रकाना वाचत नाही.

जेवणाच्या सुट्टीत इचलकरंजीला फोन.
आई नेहमीसारखी तक्रारींची थैली सोडून बसलेली.
पाणी दिवसाआड येतंय, शेजारचा कुत्रा,
आणि तो मेला नवा शिंपी,
गाऊन दर वेळी लांब शिवतो,
पायात येतो, परवा पडता पडता वाचले.

माझा घास हातातच राहिला.
कुठलं माप देतेस त्याला?

"कुठलं म्हणजे? तेच की.
वीस वर्षांपूर्वीचं."