पैलतीरावर एक तास मागे

पहिल्या दिवशी मी खाटेच्या वर पाहिलं.
एकोणीस वर्षांची सवय :
आधी पडदा, मग माणूस.
वर फिकी पिवळी भिंत होती
आणि एक खिळा, ज्याला कुणी काही टांगलं नव्हतं.

"शोधतेस काय?" रायलीनं विचारलं.
ऑक्सिजन किती, दाब किती, असं म्हणणार होते,
तोवर तिनं हातात भांडं दिलं,
कोमट पाणी, पंचा.
"काउकोचे पाय धुवायचेत. गुदगुल्या होतात त्याला, सांभाळून."

औलूच्या अतिदक्षता विभागात मी चपळ होते.
लपवायचं कशाला, गाजलेली होते.
बर्फात उलटलेल्या ट्रकमधून आणलेल्या पोराची शीर
मला रात्री तीनला, पहिल्याच टोचणीत सापडली.
तो चालत घरी गेला. नाताळला अजून कार्ड पाठवतो.
आणि याच हातांखाली
ब्याऐंशी वर्षांच्या एका बाईच्या बरगड्या
वाळल्या काटक्यांसारख्या मोडल्या,
एक, दोन, मग मी मोजणं सोडलं.
बावीस मिनिटं. सगळं नियमात बसत होतं.
नंतर तिचा नवरा आत आला
आणि तिच्या केसांतला चिकटपट्टीचा डिंक
रुमालानं पुसू लागला.
तेव्हा कळलं, दिवसभरात तिला हात लावणारा
हा पहिलाच माणूस.
आम्ही सगळे तर तिला नुसते धरून होतो.

त्या रात्री काहीही ठरवलं नाही.
ठरलं ते दोन वर्षांनी, गाडीची गोठलेली काच खरवडताना.
तेव्हाच का, ते मला विचारू नका.

इथे अंगातली घाई जाता जाईना.
कॉफीचं यंत्र टुंकन वाजलं
की मी दारापर्यंत पोचलेली.
"धावू नकोस गं," रायली म्हणाली,
"तू धावलीस की त्यांना वाटतं, आता काहीतरी होणार."
मग आम्ही दोघी हसलो,
तोंडावर हात धरून, सुतकात हसावं तशा.

काउको आधी नदीवर ओंडके सोडायचा,
नंतर पुलावरच्या जकात नाक्यावर.
टोर्निओ नदी त्याच्या खिडकीतून दिसते.
अलीकडे आम्ही, पैलतीरावर स्वीडन,
तिथलं घड्याळ एक तास मागे.
नदीचा बर्फ कधी सुटेल यावर
तो चाळीस वर्षं पैज लावत आला, एकदाही जिंकला नाही.
"यंदा नऊ मे, दुपारी. लिहिलंस?"
लिहिलं. साक्षीदार म्हणून माझी सहीही घेतली त्यानं.

जेवण सुटलं, मग पाणी.
माझा हात सलाईनकडे गेला, जे तिथे नव्हतंच.
त्याची मुलगी सिर्का घरून डबा घेऊन आली :
दलदलीतली पिवळी फळं, गेल्या उन्हाळ्यात त्यानंच खुडलेली.
एक चिरडून स्पंजावर घेतलं, ओठांना लावलं.
त्यानं ते चोखलं. भुवया वर गेल्या.
ही नोंद कुठल्या रकान्यात करायची, मला कळेना.

सहा तारखेच्या पहाटे श्वासांत अंतर पडू लागलं.
माझे तळवे आपोआप एकावर एक आले.
मी ते मांडीखाली दाबून बसले, शाळेतल्या पोरीसारखी.
सिर्का म्हणाली, "आता काय करायचं?"
"खुर्ची जवळ ओढ," मी म्हणाले.
एवढंच येत होतं मला, आणि तेही नवंनवंच.

चार वाजून दहा मिनिटं. उजाडलेलं होतं.
इथल्या रिवाजानं खिडकी उघडली.
थंडी आत आली. बर्फ होता तिथेच,
करडा, हेकट.
मी कागदावर वेळ लिहायला घेतली,
तर सिर्का पलीकडे बघत म्हणाली,
"स्वीडनमध्ये आत्ता तीन दहा.
तिकडे बाबा अजून तासभर आहेत."

मी पेन खाली ठेवलं.
त्या तासात आम्ही त्याचे पाय धुतले,
तळव्यांशी जरा सांभाळून.

बर्फ अकराला सुटला, संध्याकाळी,
तोफा डागाव्यात तसा आवाज करत.
काउको दोन दिवसांनी हुकला.
चाळीस वर्षांत इतका जवळ
तो कधीच आला नव्हता.