अर्धा सूत

रोही दिसला असं म्हणता येणार नाही.
धुक्यात धुक्याहून गडद काहीतरी होतं,
आणि पुढच्या क्षणी काचेसमोर
बॉनेट तंबूसारखं उभं.

तो उठला. एवढं मी पाहिलं.
मागचा डावा पाय टेकत नव्हता.
तुरीत शिरला, आणि तूर मिटली.

मी जनावरांची डॉक्टर. बॅगेत सलाइन होतं,
भुलीचं इंजेक्शन, प्लास्टरच्या पट्ट्या.
मोबाइलच्या उजेडात चार धुरे फिरले.
मोडलेल्या काड्या सापडल्या, शेंगा हिरव्या,
दोन कुत्री सापडली, ती माझ्यावरच भुंकली.

"अजून जोरात नाही मारली काय मॅडम?"
सावळी फाट्यावर चहावाला म्हणाला.
"दोन एकर चणा चाटून गेला लेकाचा."
बाकावरचे सगळे हसले. थोडी मीही हसले.
तो चणा मी पाहिला होता.

वाल्मीक मिस्त्री हसला नाही.
ग्रिलमध्ये अडकलेले राखाडी केस
चिमटीनं एकेक ओढून काढले, बोटांत चोळले.
"नर हाय," म्हणाला. मग हात पँटला पुसले
आणि पाना मागितला.

त्याचं गॅरेज म्हणजे चार टिना आणि एक कडुलिंब.
झाडाला साखळी, साखळीचा हूक गाडीच्या शोला,
पोट्ट्यानं रिव्हर्स टाकला,
आणि आत दबलेला पत्रा कण्हत कण्हत
वीतभर बाहेर आला.
वीस वर्षं हे झाड तालुक्यातल्या गाड्या ओढून सरळ करतंय.
खोडाला साखळीचे वळ, वळांवर ओघळलेली साल,
आणि स्वतः रोडाकडे असं कललेलं
की नवख्याला वाटावं, यालाच कोणी ठोकलंय.

बॉनेट बसवायला दीड दिवस गेला.
फटीत एक रुपयाचं नाणं घालून तो चालवत न्यायचा,
काचेपासून हेडलाइटपर्यंत.
इथं अडलं. इथं खाली पडलं, पोट्टा वाकून शोधतोय.
बोल्ट ढिला, एक वॉशर, तळहाताचा एक दणका,
परत नाणं.
"अगोदर बिजागरी पाहाची," तो पोट्ट्याला सांगत होता,
"मंग बाजू. कुलूप सगळ्याच्या शेवटी.
कुलपानं ओढून बसोलं त बसते.
पण थे बसणं नाही होय बे, दाबणं होय."

फेंडरवरून हात फिरवताना तो डोळे मिटत होता.
हाड जुळवताना मीही मिटते.
हे त्याला सांगावंसं वाटलं, पण तो आतून डॉली लावून
बाहेरून ठोकत होता, काही ऐकू गेलं नसतं.

बाराला काम थांबलं.
"उन्हात पत्रा फुगते. फट आता खोटं बोलीन."
कललेल्या झाडाखाली आम्ही तिघं
चार वाजेपर्यंत ज्वारीची भाकर आणि ठेचा.
पोट्ट्यानं विचारलं, "मॅडम, वाघाले इंजेक्शन देल्लं का कधी?"
नाही दिलं. त्याचा चेहरा उतरला.

संध्याकाळी त्यानं बॉनेट हातभर उंचीवरून सोडलं.
ठप्प.
आतापर्यंत ते खडखडत होतं.
मग मला डाव्या हेडलाइटपाशी बोलावलं,
गुन्हा कबूल करावा तसं.
"इथं अर्धा सूत राहीन.
लय मार खाल्ला थ्या पत्र्यानं. आता अजून ठोकला
त पातळ होते, डब्यावानी वाजते.
शोरूमवाला नवा टाकून देईन, जा पाह्यजे त."
मी गेले नाही. पैसे मोजून दिले,
त्यानं न मोजता खिशात घातले.

फागणात सावळीचा एक माणूस
लसीसाठी गोऱ्हा घेऊन दवाखान्यात आला.
म्हणाला, "एक लंगडा रोही रोज रात्री वावरात येते मॅडम,
काही औषध असंन त द्या ना, त्याच्यासाठी."
मी सिरिंज खाली ठेवली.
"कोणता पाय?"
"अं?"
"लंगडतो तो. कोणता पाय?"
तो माझ्याकडे पाहतच राहिला.
"पाय कोण पाह्यते, मॅडम?
पळते त असा चोट्टा, का बॅटरीचा उजेड पुरत नाही."