एक पाऊल आधी

बाहेर उणे एकोणीस. ओउलूच्या रस्ते-कार्यालयात
तिसऱ्या मजल्यावर हिल्ला शोधतेय
बर्फाच्या जाडीचा हिशेब करणारी फाइल.
फोल्डरमध्ये नाही. कचरापेटीत नाही.
सर्व्हरला ते नावसुद्धा आठवत नाही.

सकाळपासून बेटावरून तीन फोन:
समुद्र गोठलाय, सहा हिवाळ्यांनी गोठलाय,
बोट अडकलीय, दुधाचा ट्रक धक्क्यावर उभा,
बर्फावरचा रस्ता कधी आखताय?
तिसरा तर तिनं उचललाही नाही.

ती इतिहास उघडते.
कुणी कुठला स्वल्पविराम हलवला, तेही आहे तिथे.
गिटचं हे एक बरं असतं,
पुसायचं तर पुसल्याचंही लिहून द्यावं लागतं,
नावानिशी, वेळेनिशी.

राउनो केत्तुनेन. मार्चातला शुक्रवार, चार वाजून बारा मिनिटं.
"काढली. आता लागणार नाही."
त्याच दुपारी निवृत्त झाला तो.
केक हिल्लानंच आणला होता, आंबटगोड बेरींचा,
आणि राउनो खिडकीपाशी उभा राहून
उघडं, काळं पाणी बघत होता.

नोंदीचा पत्ता: नऊ चार ई शून्य बी सात एफ.
ती टाइप करते. फाइल येत नाही.
कशी येईल?
पुसल्याच्या क्षणापाशी गेलं
तर पुसलेलंच सापडणार.
पत्त्याच्या शेवटी एक टोपी घालायची, इवलीशी,
म्हणजे हे नव्हे, याच्या आधीचं.

आणि आली. दोनशे अकरा ओळी, जिथल्या तिथे.
चाळिसाव्या ओळीवर राउनोची टीप:
"वरचा बर्फ दुधी असेल तर अर्धाच धर.
शंका आली तर मला विचार."

तिसरा फोन त्याचाच होता.

"परत आणलीस?"
"आणली."
मागे वारा, कुत्र्याचं भुंकणं, लोखंडाची खरखर.
"मी उजाडताच भोकं पाडलीत. लिही.
बावीस सेंटिमीटर. त्यातले नऊ दुधी."

हिल्ला आकडे भरते.
फाइल क्षणभर थांबते, मग उत्तर देते:
रस्ता नाही.
"माहितीये," राउनो म्हणतो,
"पण तिच्याकडून ऐकायचं होतं."

संध्याकाळी नोंद करताना ती लिहिते,
"परत आणली. आता लागेल."
दुसरं वाक्य वाचते. खोडते.
पुन्हा लिहिते. खोडते.
या खोडण्याची नोंद
कुठेच राहत नाही.