त्यांचे बारा, आपले साडेतीन

पहाटेचे तीन वीस. देवगडच्या सड्यावर
पवनचक्क्यांच्या खाली आम्ही दोघं,
दोन मोबाइल, एक थर्मास,
आणि प्रफुल्लाच्या मांडीवर दोनशे पानी वही,
जिच्यात गावांची नावं नाहीत, टेबलांची आहेत.

खाली घरात रेंज नाही.
आणि उत्तरेकडच्या त्या बेटावरचं
बारा टेबलांचं हॉटेल
नोव्हेंबरचं दार उघडतं एक एप्रिलला, रात्री बाराला.
त्यांचे बारा, आपले साडेतीन.

लोक विचारतात, तिकडे काय काय बघितलंत?
लिमाला गेलो ते एका दुपारच्या जेवणासाठी.
समुद्र समोरच होता. बघितला नाही.
म्हटलं, समुद्र आहे घरी.
टोकियोत सगळ्या मिळून आठ खुर्च्या,
आणि एक म्हातारा. त्यानं आमच्याकडे न बघता
भाताचा घास तळव्यात असा दाबला
की प्रफुल्लाला रडू आलं.
मला नाही आलं. मी मनात मांडत होतो:
एका घासाला किती पेट्या.

कारण पैसे कलमांचे.
विहिरीकडचं ते लिमा.
गोठ्यामागची दोन, टोकियो.
कुंपणालगतच्या ह्या बेटावर
तीन वर्षं तुडतुडा पडला, मोहोर काळा.
यंदा धरलंय.

बॅटरीचा झोत अंगावर. "कोण ता?"
पाळेकरांच्या बागेत राखणीला असलेला खगेंद्र.
नेपाळातून नऊ हंगाम येतोय,
मालवणी माझ्यापेक्षा बरी.
आंबाचोर नाही कळल्यावर बसला शेजारी कातळावर.

साडेतीन.
रांगेत तुमच्या पुढे चार हजार आठशे बारा.
मग माझी रेंज गेली. मग तिची.
खगेंद्रनं न विचारता आपला मोबाइल पुढे केला,
"माज्यात दोन काड्यो आसत."

वाट बघताना त्याला ताटं दाखवली.
दगडावर शेवाळ. गवताच्या धुरातलं गाजर.
एका ताटात मधोमध चिमटीएवढं हिरवं.
तो फोटो त्यानं बोटांनी मोठा केला.
"ही सिस्नू. हात लावलो तर आग होता.
चिमट्यान तोडूची. आई रांधी,
तांदूळ सरले काय."
मग, "केवढ्याक ह्या?"
मी सांगितलं. निम्मंच सांगितलं.
तो हसला नाही, काही बोललाही नाही बराच वेळ.
"मीठ जास्ती लागता तेका," म्हणाला.

चार वाजून सहा. एकच टेबल उरलंय.
मंगळवार, संध्याकाळी सात.
दहा मिनिटं तुमच्यासाठी राखून.
प्रफुल्ला पेरं मोजायला लागली, थांबली.
"अहो, अंगारकी आहे."

एकतीस वर्षं तिनं एक चुकवलेली नाही,
बाळंतपणात नाही, टायफॉइडमध्ये नाही.

खाली एक चौकट: काही वर्ज्य असल्यास लिहा.
"काय लिहू? साबुदाणा चालेल?"
आठ मिनिटं.
ती काही रद्द करेना. शोधत बसली
त्या बेटावरचा त्या दिवशीचा चंद्रोदय.
सहा चाळीस.
"वीस मिनिटं आहेत की हातात.
एकदा सुटला की सुटला. मग कशावर सोडायचा
हे बाप्पा कशाला बघतोय इतक्या लांब?"
"आणि ढग असले तर?"
मी उगीच विचारलं. नोव्हेंबर, तोही तिथला.

तिनं माझ्याकडे बघितलं,
भाव पाडणाऱ्या दलालाकडे बघते तसं,
आणि चौकटीत तिच्या शाळामास्तरणीच्या इंग्रजीत
सावकाश टाइप केलं:
चंद्र दिसल्याशिवाय वाढू नये.

तीन मिनिटं. ओटीपी पाठवला आहे.
पाठवलाय तो माझ्या मोबाइलवर.
मी सड्यावरच्या उंच कातळावर चढलो,
लेंग्याला कुसळं, हात आभाळात,
डोक्यावर पातं फिरतंय, सपासप, दर फेरीला एक तारा पुसून.
खालून खगेंद्र:
"इलो?"