पाकटासाठी पाणी

बाबांनी फोटो बघून आधी विचारलं, नांगी तोडली का?
म्हटलं, नाही. ही गोड्या पाण्यातली. अजून इरफानच्या दुकानात आहे,
नेरुळला. आगाऊ पैसे दिलेत, पाणी तयार झालं की आणायची.
"पाकट ती पाकट, बाय," बाबा म्हणाले,
आणि दिवाळ्याच्या आमच्या घरात, जाळ्यांच्या खोलीत,
खुर्ची टाकून बसले,
रिकाम्या काचेपासून चार हात लांब.

बाराशे लिटर, म्हणजे बाराशे किलो, काच वेगळी.
म्हणून वरचा मजला नको, खालचा कोबाच बरा.

इरफान कॅनिस्टर दाखवतो. दोन घ्या, ताई,
कपाटात बसतात, आवाज नाही,
घरातल्यांना कळणारसुद्धा नाही.
तेच तर नको आहे मला.
मी महापेला कारखान्यांचं सांडपाणी तपासते.
असे बंद डबे खूप पाहिलेत,
आत काय साचलंय ते कुणी उघडून बघत नाही
आणि कागदावर सगळं स्वच्छ.

शिवाय हिचं खाणं. सोललेली करंदी, दिवसातून दोनदा,
आणि खाल्लं की थोड्या वेळात पाण्यात ढग.
हीटरवर जाऊन पसरेल, पोट भाजेल, तरी हलणार नाही म्हणतात.
म्हणजे हीटर तिच्या खोलीतच नको.
मी संप ठरवला. खाली उघडी टाकी,
गाळायला पांढरे मोजे, ते मीच धुणार तिसऱ्या दिवशी,
मग मातीच्या कड्या, जिवाणूंच्या वस्तीसाठी,
आणि शेवटी, पंपाशेजारी, हीटर.

इरफानने त्याच्या जुन्या स्पंजचा गढूळ पिळा दिला बाटलीतून.
हे कशाला, बाबा म्हणाले.
विरजण, म्हटलं.
एवढं त्यांना लगेच पटलं.

सहा आठवडे नुसतं पाणी फिरत होतं.
मोरबेचं पाणी, क्लोरीन मारलेलं.
माणसं रोज ऑफिसला जातात तशी मी रोज नळी भरायची,
आठ थेंब, पाच मिनिटं. हिरवं. हिरवं. पोपटी.
बाबा खुर्ची पुढे ओढत राहिले.
वरचं पाणी खाली, खालचं वर.
"भरती-वहटीच हाय ही," एकदा म्हणाले,
"पन हिच्या चांदोबाचं बिल येतं."

मग जेट्टीवरून कालवांची टरफलं आणली पिशवीभर,
टाक म्हणाले, खाडीला हेच लागतं.
मी म्हटलं, ती खाडीतली नाही, बाबा, तिला मऊ पाणी हवं.
काही बोलले नाहीत. पिशवी मोरीत ठेवली.
दोन रात्री वास येत होता.

पाचव्या आठवड्यात पाण्याचा तोल सुटायला लागला,
क्षार संपत आले, पाणी आंबट.
अकरा वाजता, बाबा झोपल्यावर,
मूठभर टरफलं उकळली, जुन्या मोज्यात बांधली,
संपमध्ये सोडली.
सांगितलं नाही अजून.

आणि एका शुक्रवारी नळीतलं पाणी पिवळं राहिलं.

ती आली, शेपटीला रबरी नळीचा तुकडा घालून,
इरफानने तो पाण्यात काढला, हळूच,
आणि ती वाळूवर बसली.
तांदळाची भाकरी तव्यावर टाकावी तशी,
ठिपके पडलेली.
डोळ्यांमागची दोन भोकं उघडमीट करत
माझं सहा आठवड्यांचं पाणी
आत घेऊ लागली.

बाबा उठले.
त्यांच्या घोट्यावर एक खळगा आहे, पंचावन्न वर्षांचा,
चिखलात पाय उचलून टाकला त्या दिवसाचा.
तेव्हापासून पाण्यात पाय उचलत नाहीत,
घासत नेतात, म्हणजे खाली असेल ती सरकेल.
काचेपर्यंतचे चार हात
ते तसेच गेले,
कोरड्या लादीवर, पाय घासत.