वीस सेकंद

नारळ सोडला वरच्या उंबराखालून,
शंभर मीटरची दोरी आधीच ताणलेली,
रजनी गेडाम गुडघाभर पाण्यात, घड्याळावर डोळा.
एकशे सत्तर सेकंद.
पुन्हा सोडला. एकशे पासष्ट.
तिसऱ्यांदा नारळ बकारामकाकांच्या नातवानं पळवला,
तेव्हा मोजणी झाली असं धरलं.

वाळूत काडीनं काढलेली वैनगंगा.
हा डोह. ही लाँच, नाक खालच्या अंगाला,
डावीकडे कललेली, असं काका म्हणतात.
काकांनीच बुडवली ती,
म्हणजे सुकाणू त्यांच्या हातात होतं.
माणसं सगळी पोहून निघाली, दोन बकऱ्यासुद्धा.
पवनीचा बँड तेवढा खाली राहिला,
वाजवणारे नव्हे, वाद्यं:
तीन ढोल, दोन क्लॅरिनेट
आणि अंगाभोवती गुंडाळायचं ते मोठं पितळी,
ज्याचं नाव नवरदेवाच्या मामालाही येत नव्हतं.
लग्न लागलं थाळ्या बडवून.

मी मालवणला सहा हंगाम
पर्यटकांना मासे दाखवले.
तिथं एखादा मासा निसटला तर मागे फिरता यायचं.
इथं पोहायचं नाही, फक्त जायचं,
नदी नेईल तसं.
चाळीस फुटांची लाँच, या वेगानं
वीस सेकंद.
आणि दिसणार किती, तर दीड हात.
हुकली की हुकली. उलट्या धारेत
आधी पाय संपतात, मग हवा.

रजनी वहीत उतरवते:
दोनशे बार. सत्तर उरले की वर, वाद नाही.
सुरी दोघींकडे, जुन्या जाळ्यांसाठी.
फुगा नारिंगी. डोंगा त्याच्या मागं, वल्हं हळू.
धरणावरच्या चौकीदाराला सहा वाजता फोन,
दारं उघडणार असाल तर आधी सांगा, राजेहो.

मग पेन थांबतं.
"आतापर्यंत मी खाली गेली," ती म्हणते,
"ते चाचपतच. बोटात केस आले की समजायचं, सापडलं.
क्लॅरिनेट हाताला कसं लागते गं?"
मला सांगता आलं नाही.

काका इतका वेळ गप्प.
काडी मागून घेतली माझ्या हातातून,
माझा सरळ बाण तळव्यानं पुसला.
"लाँचीच्या खालच्या अंगाले पानी उलटं फिरते.
टपाच्या आडोशाले शिर. तिथं नदी तुले सोडते.
जराशीक.
मंग बस किती बसाचं तं."
किती वेळ, काका?
"मले काय मालूम. मी तं वरूनच पाह्यतो,
एकोणतीस वर्सं."

वीस सेकंद खोडून रजनीनं लिहिलं:
आडोसा. चार मिनिटं?
प्रश्नचिन्ह गिरवलं दोनदा.

'वर काय आणायचं' हा रकाना कोराच होता.
काका म्हणाले, "ते मोठं पितळी दिसलं तं आनू नोको,
मरळ राहत असन त्यात.
सुरीच्या मुठीनं ठोकजो एकडाव. मी आयकीन."
वरून? डोहाच्या वरून?
ते उठले, डोंग्यात जाऊन आडवे झाले,
कान तळाच्या फळीला लावून,
जणू आत्ताच कोणी खाली असावं.

आम्ही वही मिटली.
नातवानं नारळ दगडावर फोडला होता,
अर्धा त्यानं आम्हाला दिला.
सकाळी वेग पुन्हा मोजावा लागेल,
दुसरा आणायला हवा.